तुपाच्या थेंबाखालचा प्लेग

सप्टेंबर 1896. मुंबईच्या मांडवी भागात तापाने फणफणलेल्या, जांघेत गाठ आलेल्या एका रुग्णाला तपासून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी निदान केले : प्लेग. मांडवी गोदीला लागून होती. धान्याच्या वखारी आणि उंदरांचा सुळसुळाट. लोक मुंबई सोडून गावाकडे पळू लागले आणि साथही देशावर पोहोचली. पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले गेल्या.

रोगाचा जंतू अलेक्झांडर येरसँ यांनी 1894 मध्येच हाँगकाँगला शोधला होता. पण जंतू ओळखणे वेगळे आणि त्याच्यावर लाखोंना पुरेल एवढी लस करणे वेगळे. ते काम वाल्डेमार हाफकिन यांच्याकडे आले. ओडेसात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन पट्टेवाले.

प्लेगचा जंतू हा जिवाणू, म्हणजे एकाच पेशीचा पण स्वयंपूर्ण जीव. पोषण मिळाले की एकाचे दोन, दोनाचे चार होतात. विषाणूला हे जमत नाही. त्याला वाढायला दुसऱ्याची जिवंत पेशी लागते. म्हणून तर देवीची लस त्या काळी वासरांच्या कातडीवर वाढवावी लागे. प्लेगचा जंतू मात्र बाटलीतही पोसता येत होता.

हाफकिन यांनी बोकडाच्या मांसाचा अर्क बाटल्यांत भरला आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. तरंगणाऱ्या थेंबांच्या खालच्या अंगाला जंतू धरत आणि तिथून पांढरट धागे खाली उतरत, गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे. बाटली हलवली की ते तुटून तळाशी बसत आणि थेंबांखाली नवी वाढ सुरू होई. असे काही आठवडे चाले. मग उष्णता देऊन जंतू मारायचे आणि वर कार्बोलिक आम्ल घालायचे. मेलेल्या जंतूने प्लेग होत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख पटते.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा राजी असलेल्या कैद्यांना ती दिली. टोचलेल्यांत लागण कमी झाली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

पुढचा घाव दुसऱ्याच जिवाणूने घातला. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 जणांना लस टोचली. त्यांतले एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. धनुर्वाताचा जंतू मातीत, शेणात असतो. प्राणवायू नसेल तिथे तो वाढतो आणि त्याची बीजुके साध्या उष्णतेला दाद देत नाहीत. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचे पद गेले. खरे तर गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हे मान्य व्हायला पाच वर्षे गेली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना जाहीरपणे बाजू घ्यावी लागली.

1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले आणि भारतात परतले, पण कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. 1925 साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. तोपर्यंत मुंबईतून प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या.