मुंबईच्या नावावर गाजलेले पोलाद

१७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे डॉ. जॉर्ज पिअर्सन यांचा एक निबंध वाचला गेला. त्याचा विषय होता मुंबईत तयार होणारे आणि तिथे ‘वूट्झ’ म्हटले जाणारे पोलाद. नमुने पाठवले होते मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी, सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे. शीर्षकात मुंबई असली, तरी मुंबई हे या पोलादाचे फक्त बंदर होते. ते बनत असे दख्खनच्या पठारावर, म्हैसूरकडे आणि तमिळ मुलखात. ‘वूट्झ’ हा शब्दही कन्नड ‘उक्कु’चे बिघडलेले रूप मानला जातो.

लोखंडाचे तुकडे आणि लाकूड-पाला बंद मुशीत घालून तासन्‌तास तापवायचे, अशी ती कृती. लोखंड कार्बन शोषून घेई. त्याचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास जाई. त्यामुळे धार कडक आणि टिकाऊ होई, पण घडाई अवघड. युरोपातले लोहार सवयीप्रमाणे ते फार तापवत आणि घणाखाली त्याचा चुरा होई. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने मात्र अंधारात जेमतेम लाली दिसेल इतक्याच आचेवर ते घडवले आणि लेखणी तासायचा चाकू केला. पुष्कळ कामांसाठी इंग्लंडमधल्या कोणत्याही पोलादापेक्षा हे सरस, असे त्याचे मत झाले. पुढे याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरेडेने वूट्झचे गुण कृत्रिमरीत्या साधण्यासाठी पोलादात प्लॅटिनम, चांदी, क्रोमियम मिसळून पाहिले. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने सुमारे १३ टक्के क्रोमियम घालून न गंजणारे पोलाद काढले, ते यानंतर नव्वद वर्षांनी.

पात्यासाठी पोलाद निवडणे म्हणजे तडजोड असते. कडकपणा वाढवला की चिवटपणा घटतो. गंजरोधक केले की धार लावणे बहुधा कष्टाचे होते. ही तडजोड उपनगरांतल्या बाजारांत रोज होते. वेसाव्याला सुरमईचे काटे तोडणाऱ्या कोयत्याला घाव सोसायचे असतात. त्याला ट्रकच्या कमानीचा पाटा चालतो. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या जरा वर, म्हणून तो तुटण्याआधी लवतो. दुमडत्या चाकूची गोष्ट वेगळी. त्याला घाव घालायचा नसतो, पण मुठीच्या खाचेत आणि खिळ्याशी ओल साचते. कोकणी पावसाळ्यात साधे पोलाद तिथूनच गंजू लागते. म्हणून तिथे स्टेनलेस बरे.

घाटकोपरला दारोदार फिरणाऱ्या एका धारवाल्याला मी विचारले, कुठले पाते कशाचे, हे कसे ओळखता? त्याने काही न सांगता दोन पाती चाकाला टेकवली. एकाच्या ठिणग्या फुटून फुलांसारख्या पसरल्या. दुसऱ्याच्या आखूड, लालसर निघाल्या. पहिले कार्बनचे, दुसरे स्टेनलेस. कारखान्यांतही पोलादाची जात अशीच ठिणगीवरून पारखतात.

इतिहास लिहिताना आपण पारख करणाऱ्याचे नाव जपतो आणि घडवणाऱ्याचे गाळतो. पिअर्सनच्या निबंधात स्टोडार्ट आहे, स्कॉट आहे, बँक्स आहेत. मूस लावणारा एकही लोहार नाही. तेलंगणातल्या कोनासमुद्रमला इराणी व्यापारी येऊन पोलाद पारखून नेत, हे एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत सापडते. तिथली भट्टी सांभाळणाऱ्यांची नावे सापडत नाहीत. ती कृती पुढे बंद पडली आणि कोणती मूस, किती आच, हे ज्यांना हाताने ठाऊक होते त्यांच्याबरोबर गेली. गेल्या शतकात धातुशास्त्रज्ञांना ती मोठ्या कष्टाने पुन्हा जुळवावी लागली.

पाटा निवडणाऱ्या लोहाराचे आणि ठिणगी वाचणाऱ्या धारवाल्याचे ज्ञानही आज त्याच वाटेवर आहे. फरक एवढाच की ही माणसे अजून आपल्या गल्लीत येतात, आणि विचारले तर दाखवतात.