आप्तवाक्य आणि ऐतिह्य : साष्टीतील ख्रिस्ती परंपरेच्या ऐतिहासिकतेचा विचार

अंधेरीच्या पूर्वेस, सीप्झच्या कुंपणात, एका जुन्या चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. १५७९ साली जेझुइटांनी ते बांधले आणि १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे तेथील वस्तीने ते सोडून मरोळला आपला नवा आसरा केला. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात याहून गुंतागुंतीचा पुरावा आहे. मूळ शैव लेणे सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी प्रार्थनागृहात रूपांतरित केले. भिंतीवर कोरलेला क्रूस आणि नटराजाचे शिल्प आजही एकाच दगडात आहेत. मुंबईच्या उपनगरांतील मराठीभाषक ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगू पाहणाऱ्यास ही दोन्ही स्थळे एक अवघड प्रश्न विचारतात : हा धर्म येथे केव्हा आला, आणि ज्या ग्रंथावर तो उभा आहे त्याच्या कथनावर इतिहास म्हणून कितपत विसंबावे?

वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. व्यवहारात मात्र ते एकमेकांत मिसळतात. '१५३४ च्या वसई तहानंतर पोर्तुगीजांनी आणलेला धर्म' या आक्षेपाला उत्तर म्हणून साष्टीचा ख्रिस्ती अभ्यासक सहज संत बार्थोलोम्यूकडे वळतो. हा प्रेषित पहिल्याच शतकात कल्याण परिसरात आला होता, असे प्रतिपादन करणारे विद्वान आहेत, फादर ए. सी. पेरुमालिल यांनी ते सविस्तर केले आहे. म्हणजे येथील श्रद्धेची प्राचीनता आणि बायबलची विश्वसनीयता यांचा बचाव एकाच युक्तिवादाने होतो, असे वाटू लागते. प्रस्तुत निबंधाचा हेतू हा बचाव नाकारण्याचा नाही. तो ज्या जागी बळकट आहे आणि ज्या जागी दुबळा आहे त्या जागा वेगळ्या करण्याचा आहे.

या कामासाठी कसोटी बाहेरून आणण्याचे कारण नाही. न्यायशास्त्राने शब्दप्रमाणाचा विचार करताना 'आप्त' म्हणजे वस्तू यथार्थ जाणणारा आणि जाणली तशी सांगू इच्छिणारा, असे मानले. पौराणिक ज्याला 'ऐतिह्य' म्हणतात त्याचे लक्षण मात्र 'अनिर्दिष्टप्रवक्तृक' असे केले गेले : लोक परंपरेने सांगतात, पण मूळ सांगणारा कोण हे सांगता येत नाही. या वडावर यक्ष राहतो, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. नैयायिकांनी ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाण मानले नाही. त्याचा अंतर्भाव शब्दात केला, म्हणजे सांगणारा आप्त असेल तरच ते ग्राह्य. ऐतिह्य खोटेच असते असा याचा अर्थ नव्हे. त्याला जामीन नसतो, एवढाच अर्थ.

आता नव्या कराराकडे पाहू. 'विश्वसनीयता' या एका शब्दाखाली येथे तीन प्रश्न दडलेले असतात : संहिता आपल्यापर्यंत नीट पोहोचली काय; तिच्यातील कथन घडलेल्या गोष्टीशी जुळते काय; आणि त्या गोष्टीला जो अर्थ दिला गेला तो खरा काय. यांपैकी पहिल्याचे उत्तर तुलनेने सोपे आहे, आणि मराठीच्या अभ्यासकाला ते अधिकच सोपे वाटावे. ज्ञानेश्वरीचा काळ १२९०; एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. या सुमारे तीनशे वर्षांच्या अंतरामुळे ज्ञानेश्वरांची संहिता हरवली असे कोणी म्हणत नाही. पाठभेदांची चर्चा होते, ग्रंथाच्या अस्तित्वाची नाही. नव्या कराराची जवळजवळ संपूर्ण हस्तलिखिते चौथ्या शतकातील आहेत, म्हणजे अंतर साधारण तेवढेच. आणि मधल्या काळातील पपायरसांचे तुकडे ते अंतर पुष्कळ कमी करतात. थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' तर याहून बोलके उदाहरण आहे. १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. मूळ प्रत नसणे म्हणजे मूळ संहिता नसणे नव्हे, हे आपण आपल्या वाङ्मयेतिहासात रोज गृहीत धरतो. परंतु संहिता शुद्ध आहे म्हणून कथन खरे, असा निष्कर्ष येथून निघत नाही. बायबलचे समर्थक बरेचदा ही पायरी नकळत ओलांडतात.

दुसऱ्या प्रश्नात आप्तवाक्याचा खरा कस लागतो. पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र इ. स. ५३-५५ च्या सुमाराचे आहे. त्याच्या पंधराव्या अध्यायात, ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठवला गेला आणि अमुकांना दिसला, हे सांगताना तो दोन क्रियापदे वापरतो : हे मला मिळाले आणि मी ते तुमच्या स्वाधीन केले. 'संप्रदाय' या शब्दाचा मूळ अर्थ हाच, सम्यक् प्रदान. पुढे तो साक्षीदारांची नावे देतो : केफा, बारा शिष्य, याकोब, आणि पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतील बहुतेक अद्याप हयात आहेत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात, आपण यरुशलेममध्ये केफाजवळ पंधरा दिवस राहिलो आणि याकोबाला भेटलो, असेही तो नमूद करतो. म्हणजे येथे प्रवक्ता निर्दिष्ट आहे, तो कोणाकडून ऐकले ते सांगतो आणि पडताळ्याला वाव ठेवतो. येशूचा वध इ. स. ३० च्या आसपासचा धरला, तर ही श्रद्धा उत्तरकाळात सावकाश रचली गेली, हे मत टिकत नाही. ती आरंभापासून आहे.

बाहेरची साक्षही अल्प असली तरी नगण्य नाही. पिलाताच्या कारकिर्दीतील देहदंडाचा उल्लेख टॅसिटस करतो. येशूचा भाऊ याकोब याच्या वधाचा जोसेफस करतो. ख्रिस्ती लोक ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, असे प्लिनी इ. स. ११२ च्या सुमारास सम्राटाला कळवतो. पिलाताचे नाव कोरलेली शिळा १९६१ साली कैसरिया येथे सापडली. याच्या उलट, लूकने सांगितलेली क्विरिनियसची खानेसुमारी आणि हेरोदाचा मृत्यू यांचा मेळ बसत नाही : हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये वारला, ती खानेसुमारी इ. स. ६ ची. हा विरोध मान्य करून पुढे जाणाऱ्या समर्थकाच्या शब्दाला वजन येते. तो लपवणाऱ्याचे बाकीचे पुरावेही संशयास्पद ठरतात.

शुभवर्तमानांच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे, आणि तो साहित्यसमीक्षेच्या क्षेत्रातला आहे. एरिख आउअरबाखने 'मिमेसिस' (१९४६) मध्ये पेत्राने येशूला नाकारल्याच्या प्रसंगाचे विश्लेषण केले. एक कोळी, अंगणातला विस्तव, एक दासी, बोलीवरून पटलेली ओळख आणि शेवटी रडणे : प्राचीन साहित्यशास्त्राच्या दृष्टीने अशी सामान्य माणसे गंभीर शैलीला पात्रच नव्हती. शिवाय ज्या समाजाचा पेत्र हा अग्रणी, त्याच समाजाने त्याची भीरुता जपून ठेवली. स्वतःला लाजवणारी गोष्ट कोणी हौसेने रचत नाही. रिकाम्या थडग्याच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत, त्या काळी ज्यांच्या साक्षीला कमी मोल दिले जाई. येथेही तेच म्हणता येईल. हा पुरावा निर्णायक नाही, कारण वास्तवाचा आभास म्हणजे वास्तव नव्हे. पण तो दखलपात्र आहे.

याच मोजपट्टीने आता बार्थोलोम्यूची परंपरा मोजू. तिचा मुख्य आधार चौथ्या शतकातील युसेबियस. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस 'इंडियन' लोकांत गेलेल्या पँटीनसला बार्थोलोम्यूने मागे ठेवलेले, हिब्रू लिपीतील मत्तयाचे शुभवर्तमान तेथे आढळले असे सांगतात, एवढेच तो लिहितो. 'सांगतात' हे क्रियापद ऐतिह्याचेच आहे. आणि 'इंडिया' या शब्दात त्या काळी अरबस्तानाचा व इथिओपियाचा भागही येई. कल्याण आणि सोपारा ही बंदरे पहिल्या शतकातील 'पेरिप्लस'ला ठाऊक आहेत, त्यामुळे असा प्रवास अशक्य नव्हता. परंतु बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत, १००९ व १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांचे पहलवी लेख आहेत, आणि बार्थोलोम्यूचे किंवा त्याच्या मंडळीचे नाव सांगणारा एकही लेख नाही. शक्यता आहे, प्रमाण नाही.

मात्र सहाव्या शतकापासून चित्र पालटते. कॉस्मस हा स्वतः सागरी व्यापारी. 'कल्लियाना' येथे इराणहून नेमलेला बिशप आहे, असे तो लिहितो. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले. त्यांचा सहप्रवासी जॉर्डानस याची पत्रे उपलब्ध आहेत, आणि त्यानंतर लवकरच आलेला ओडोरिक ठाण्यात नेस्तोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे असल्याची नोंद करतो. पंधरा घरे! कोणाचा गौरव वाढवायचा असता तर हा आकडा एवढा लहान कशाला राहिला असता? म्हणून तो विश्वासार्ह वाटतो. पोर्तुगीजांच्या दोन शतके आधी येथे ख्रिस्ती वस्ती होती, हे आप्तवाक्याने सिद्ध होते. तिचा आजच्या ईस्ट इंडियन कुटुंबांशी अखंड धागा जोडता येतो, असे मात्र त्याने सिद्ध होत नाही.

एकाच मापाचा हा आग्रह मराठीला नवा नाही. १८३१ साली मुंबईत जॉन विल्सनने मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद केला तेव्हा पुराणांतील देवचरित्रे त्याने कठोर चिकित्सेला धरली. दांडेकरांनी त्याच वर्षी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' प्रसिद्ध करून बायबलवर प्रतिप्रश्न केले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जो वाद घातला त्यातही हीच परतफेड होती. दोन्ही पक्ष दुसऱ्याचे ते ऐतिह्य आणि आपले ते आप्तवाक्य असे धरून चालले. या वादांतून मराठी गद्याला युक्तिवादाची धार आली, हे खरे; पण पुराव्याची समान नीती त्यांतून रुजली नाही. त्याहून दोन शतके आधी, गोव्याच्या साष्टीत, स्टीफन्सने दुसरी वाट धरली होती. ओवीत आणि पुराणाच्या घाटात त्याने बायबल सांगितले, आणि शंका विचारणाऱ्या श्रोत्याला कथनातच जागा दिली. त्याच्या मागे राज्यसत्ता होती, हे विसरता येत नाही; तरी श्रोत्याचा प्रश्न हा कथनाचा भाग आहे, हे त्याने ओळखले.

तिसऱ्या प्रश्नाविषयी थोडेच म्हणता येते. शिष्यांना येशू जिवंत दिसला अशी त्यांची खात्री होती, आणि त्या खात्रीसाठी त्यांनी यातना सोसल्या, इथवर इतिहास नेतो. देवाने त्याला उठवले, हे विधान इतिहासाच्या साधनांनी सिद्ध वा असिद्ध होणारे नाही. तेथे साक्ष ऐकणाऱ्याला आपला निर्णय स्वतः करावा लागतो.

राहता राहिला उपनगरातल्या त्या आक्षेपाचा प्रश्न. मरोळ, गोराई किंवा कुर्ल्याच्या ख्रिस्ती माणसाचे या मातीतले स्थान प्रेषिताच्या पायधुळीवर अवलंबून आहे, असे एकदा कबूल केले की उद्या एखादा संशोधक ती धूळ झटकेल आणि हा माणूस उपरा ठरेल. त्याची भाषा मराठी आहे, त्याची शेते आणि मिठागरे येथली होती, मंडपेश्वराच्या भिंतीवरील दोन्ही खुणा त्याच्या इतिहासात मोडतात, आणि त्यांतील एक बळाच्या छायेत उमटली हे सांगण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. साक्षीवर उभ्या राहिलेल्या धर्माने स्वतःविषयी खोटी किंवा अर्धी साक्ष देऊ नये. करिंथकरांस लिहिणाऱ्या पौलाने तोच दंडक स्वतःला लावून घेतला होता : ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आम्ही देवाविषयीचे खोटे साक्षी ठरतो, हे त्याने त्याच अध्यायात मान्य केले आहे.