हसाजी: एक विसरलेले नाव आणि क्लोनडॉकिनहून आलेला प्रश्न



नावांविषयीचे प्रश्न आमच्याकडे नेहमी येतात, पण या वेळचा आला तो थेट आयर्लंडमधून. डब्लिन शहराच्या पश्चिमेला क्लोनडॉकिन नावाचे उपनगर आहे. तिथे राहणाऱ्या आपल्या एका कुटुंबात मुलगा झाला. आजीची इच्छा, पणजोबांचे ‘हसाजी’ हे नाव ठेवावे. आईबापांना नाव आवडले, पण त्याचा अर्थ सांगता येईना. इस्राएलमधल्या नातेवाइकांनी कळवले की असे नाव हिब्रूत नाहीच, ‘हेझी’ ठेवा. मग आजींनी आम्हाला विचारले: हसाजी म्हणजे नेमके काय, आणि हे आपले नाव की शेजाऱ्यांचे?

आजी, नाव आपलेच आहे. हसाजी म्हणजे यहेज्केल. समाजी म्हणजे शमुवेल, इसाजी म्हणजे इसहाक, आबाजी म्हणजे अब्राहाम, मुसाजी म्हणजे मोशे, तसाच हसाजी. कोकणात आपल्या लोकांनी नेव्यांची आणि बापदाद्यांची नावे टाकली नाहीत, ती फक्त मराठी जिभेला वळवून घेतली. यहेज्केल हे चार अक्षरी, जोडाक्षराचे नाव घाण्यावर किंवा शेतात हाक मारायला जड. पुढचा ‘य’ गळाला, शेवटचा ‘एल’ गळाला, मधला भाग राहिला आणि त्याला आदराचा ‘जी’ लागला. बगदादी यहुद्यांनीही याच नावाची अशीच छाटणी केली. त्यांच्याकडे ते हेस्केल किंवा एस्केल झाले. इराकचे पहिले अर्थमंत्री सासून एस्केल यांचे आडनाव तेच. आणि आजचे इस्राएली ‘हेझी’ तरी दुसरे काय आहे? तेव्हा नातेवाइकांनी हसाजीला परके म्हणू नये. हेझी आणि हसाजी ही एकाच नावाची दोन लाडकी रूपे आहेत, एक तेल अविवच्या बसमधले आणि एक कुलाबा जिल्ह्यातल्या अंगणातले.

अर्थाविषयी एक घोटाळा मात्र दूर करायला हवा. मराठी कानाला हसाजीत ‘हसणे’ ऐकू येते. हिब्रूत हसण्यावरून आलेले नाव म्हणजे इसहाक, कारण म्हातारपणी मुलगा होणार हे ऐकून साराबाई हसली. त्यामुळे कित्येकांची समजूत झाली आहे की हसाजी म्हणजे इसहाक. तसे नाही. पुरावा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. मुंबईची पहिली मशीद, शआर हारहमीम, १७९६ मध्ये बांधणारे समाजी हसाजी दिवेकर, आणि त्यांचे बंधू इसाजी हसाजी. एकाच घरात मुलगा इसाजी आणि बाप हसाजी. दोन्ही नावे एकच असती तर मुलाचे नाव इसहाक इसहाक झाले असते! इंग्रजी कागदांत समाजींची नोंद सॅम्युएल इझिकेल अशी आहे, म्हणजे हसाजी हे यहेज्केलच.

यहेज्केल या नावात हझाक, म्हणजे बळ, हा धातू आहे. ‘एल बळ देवो’ किंवा ‘एल बळ देईल’ असा अर्थ. मशिदीत सेफेर तोरापुढून परतणाऱ्याला आपण ‘हझाक उबारुख’ म्हणतो, त्यातला हझाक तोच. यहूदाचा राजा हिझ्किया याचे नावही याच कुळातले. नावाचे मूळ धनी यहेज्केल नेवी हे कोहेन घराण्यातले. यरुशलेमहून राजा यहोयाखीनाबरोबर जे लोक बाबेलला नेले गेले, त्यांत ते होते. सगळा उपदेश त्यांनी परमुलखात, खबार नदीकाठच्या निर्वासितांना केला. सुक्या हाडांच्या खोऱ्याचा त्यांचा दृष्टान्त आपण पेसाहाच्या सणातल्या शब्बाथला हफ्ताराला वाचतो. प्राध्यापक यिगाएल यादीन यांनी १९६३ ते १९६५ या काळात मसादा खणला, तेव्हा तिथल्या मशिदीच्या जमिनीखाली पुरलेल्या गुंडाळीचे तुकडे निघाले, त्यांत नेमका हाच अध्याय होता. घर सोडून दूर गेलेल्या माणसांसाठी यापेक्षा योग्य नाव आम्हाला तरी सुचत नाही. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांना ते का जवळचे वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको.

कोकणात हे नाव टिकले याला दुसरेही कारण दिसते. शेजाऱ्यांच्या कानाला ते ओळखीचे होते. शिवाजी महाराजांचे सरनोबत हंबीरराव मोहिते यांचे मूळ नाव हंसाजी. येसाजी, तानाजी, संभाजी यांच्या पंगतीत हसाजी दिवेकर बसले तर कोणी वळून पाहणार नाही. आपल्या लोकांनी गावावरून ‘कर’ लावून आडनावे घेतली, तशीच ही ‘जी’ची नावे. वर मराठी अंगरखा, आत तोरातले नाव.

मग ते गेले कुठे? एकोणिसाव्या शतकात हळूहळू मागे पडले. कोचीनचे आणि बगदादचे यहुदी आपल्याकडे येऊ लागले, शुद्ध हिब्रू उच्चार कानावर पडू लागले. दुसरीकडून मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, त्याचा लाभ आपल्या मुलांनी घेतला. पुढे १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने आपली इस्राएली शाळा निघाली. शिकलेला मुलगा कचेरीत आणि पलटणीत स्वतःला इझिकेल लिहू लागला. समाजीचा सॅम्युएल, हसाजीचा इझिकेल, मुसाजीचा मोझेस. पुढे तर बापाचे नावच आडनाव झाले. कवी निस्सीम इझिकेल यांचे घराणे मूळचे तळकर, हे किती जणांना ठाऊक आहे? म्हणजे हसाजी हे नाव मेले नाही, इंग्रजी टोपी घालून आडनावाच्या जागी जाऊन बसले. मुंबईत समाजींच्या नावाने सॅम्युएल स्ट्रीट आहे, जुन्या मशिदीवरून मस्जिद स्टेशन आहे. बापाच्या, हसाजींच्या, नावाने काहीच नाही.

आता क्लोनडॉकिनकडे वळू, कारण त्या गावाकडेही अशीच एक गोष्ट आहे. आयरिश भाषेत गावाचे नाव क्लुअन डोल्कान, म्हणजे डोल्कानचे कुरण. सातव्या शतकात तिथे एका साधूने मठ स्थापला. त्या मठाचा उंच, निमुळता गोल बुरूज अजून उभा आहे आणि त्याचे शंकूसारखे टोपणही शाबूत आहे. साधूचे नाव क्रोनान. आयरिशमध्ये ‘क्रोन’ म्हणजे सावळा, पिंगट. त्याला लहानपणाचा प्रत्यय लागून झाला क्रोनान, आपल्या भाषेत सावळ्या. पण लोकांनी त्यालाही आपल्या पद्धतीने हाक मारली: मोखुआ. आयरिशमध्ये ‘मो’ म्हणजे माझा. आवडत्या साधूच्या नावाचे लघुरूप करून त्यापुढे ‘माझा’ लावायचा, ही तिकडची जुनी रीत. आपण मागे ‘जी’ लावला, त्यांनी पुढे ‘मो’ लावला. क्रोनान हे नाव आज तिकडेही मुलांना क्वचितच ठेवतात. तरी गावातल्या आयरिश भाषेच्या केंद्राला ‘आरस क्रोनान’, क्रोनानचे घर, असे नाव देऊन लोकांनी ते जिभेवर ठेवले आहे.

आयर्लंड आपल्याला अगदी परके नाही. इस्राएलचे सहावे राष्ट्राध्यक्ष हाईम हर्झोग १९१८ मध्ये बेलफास्टला जन्मले आणि डब्लिनला वाढले. वडील रब्बी यित्सहाक हर्झोग तिथले मुख्य रब्बी होते. हाईमना इंग्रजीत व्हिव्हियन म्हणत. हाईम म्हणजे जीवन, आणि व्हिव्हियन हे लॅटिन नावही जगण्यावरूनच आलेले. पण इतिहासात राहिले ते हाईम.

आजींच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. सुन्नतीच्या वेळी आणि तोराला बोलावताना यहेज्केल हेच नाव घ्यावे, त्यात दुमत नको. पण जन्माच्या दाखल्यावर हसाजी लिहावे. ‘घरात हाक मारू, कागदावर दुसरे काही लिहू’ हा मार्ग सोयीचा वाटतो, पण मागच्या दीडशे वर्षांत आपली जुनी नावे याच मार्गाने गेली. हाक मारणारी माणसे गेली की हाकही जाते. शाळेत उच्चाराचा त्रास होईल ही आईबापांची भीती आम्हाला फारशी पटत नाही. ज्या देशात गावाच्या नावात ‘ल’ लिहितात आणि म्हणत नाहीत, तिथली मुले हसाजी सहज म्हणतील.

वाचकांना एक विनंती. आपल्या घरच्या जुन्या केथुबा, दफनभूमीतले दगड, आजोबांच्या वह्या यांत हसाजी, बनाजी, दाऊदजी अशी नावे असतील तर गाव आणि साल यांसह आम्हाला कळवावीत. विशेषतः अलिबाग, पेण आणि रेवदंड्याकडच्या मंडळींनी. दगडांवरची अक्षरे झिजत चालली आहेत, तेव्हा उशीर नको. क्लोनडॉकिनच्या बाळाला, त्याचे नाव काहीही ठरो, आमचे आशीर्वाद.