मराठी विनोदी प्रेमपटातील मैत्री आणि प्रेम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (१९३८ ते २०१७)

प्रस्तावना :
मैत्रीचे रूपांतर प्रेमात होणे हा विनोदी प्रेमपटाचा आज सर्वपरिचित विषय आहे. मात्र स्त्री-पुरुषांच्या मैत्रीला समाजात काही जागा असल्याशिवाय तो पडद्यावर येत नाही. त्यामुळे अशा चित्रपटांचा इतिहास हा त्या जागेचाही इतिहास ठरतो. प्रस्तुत लेखात चार मराठी चित्रपटांच्या आधारे हा प्रवास तपासला आहे.

व्रत आणि वेषांतर :
कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' १९३८ मध्ये प्रदर्शित झाला. कथा आचार्य अत्रे यांची, तर दिग्दर्शन व नायकाची भूमिका मास्टर विनायक यांची होती. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेला औदुंबर आणि ते व्रत डळमळीत करणारी किशोरी (मीनाक्षी शिरोडकर) यांच्यावर हा विनोद उभा आहे. औदुंबराच्या दृष्टीने स्त्री म्हणजे मोह. मैत्रीण ही शक्यता त्याच्यापुढे नाहीच. अत्र्यांनी हसे केले आहे ते स्त्रीचे नव्हे, तर तिला टाळू पाहणाऱ्या पुरुषाचे.

पन्नास वर्षांनी, १९८८ मध्ये, सचिन पिळगांवकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' आला. त्यात मैत्री केंद्रस्थानी आहे, पण ती चार पुरुषांची. भाड्याच्या जागेसाठी दोघे मित्र स्त्रीवेष धारण करतात. स्त्रियांमध्ये मोकळेपणाने वावरण्यासाठी पुरुषाला साडी नेसावी लागते, हा विनोद सामाजिकदृष्ट्या बोलका आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत 'व्हेन हॅरी मेट सॅली' या चित्रपटाने स्त्री-पुरुष निव्वळ मित्र राहू शकतात काय, हा प्रश्न उघडपणे विचारला.

मैत्रीणीचे आगमन :
सतीश राजवाडे यांच्या 'प्रेमाची गोष्ट' (२०१३) मध्ये विवाहाचा कटू अनुभव घेतलेले राम व सोनल (अतुल कुलकर्णी, सागरिका घाटगे) प्रथम मित्र होतात व मैत्रीतूनच प्रेमाकडे येतात. त्यांच्याच 'ती सध्या काय करते' (२०१७) मध्ये अनुराग व तन्वी बालमित्र आहेत; प्रेमाची जाणीव उशिरा होते व विवाह घडत नाही. येथे मैत्रीला सबब लागत नाही.

समारोप :
हा प्रवास सरळ रेषेत झाला असे मात्र म्हणता येत नाही. वसमत तालुक्यातील कुरुंदा येथे वावरताना प्रस्तुत लेखकास असे आढळते की, मुलगा सहाध्यायिनीचा उल्लेख 'आमच्या वर्गातली' असा करतो. 'माझी मैत्रीण' म्हणणे टाळतो. त्या शब्दाचा गावात वेगळा अर्थ लावला जातो आणि त्याची झळ मुलीच्या शिक्षणास बसू शकते. २०१७ चा चित्रपट मोबाईलवर पाहणारी ही मुले व्यवहारात मात्र औदुंबराच्या काळातील संकोच बाळगून असतात. 'मैत्रीण' हा शब्द निःसंकोचपणे उच्चारता येणे ही केवळ मनोरंजनाची बाब नसून मुलींच्या शिक्षणाशी निगडित बाब आहे, हा या विवेचनाचा निष्कर्ष होय.