‘सावर ग्रेप्स’ म्हणजे काय? अर्थ आणि वापर

हवी असलेली गोष्ट मिळाली नाही की तिलाच नावे ठेवणे, याला इंग्रजीत ‘सावर ग्रेप्स’ म्हणतात. मराठीतली म्हण आहे ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’. दोन्हींचे मूळ इसापच्या गोष्टीत आहे. उड्या मारूनही घड हाती लागेना, तेव्हा कोल्हा ‘आंबटच असतील’ म्हणत निघून गेला.

वापर कुठे करावा?

सांगली जिल्ह्यातला पलूस तालुका द्राक्षबागांचा. तोडलेले द्राक्ष नंतर गोड होत नाही, म्हणून बागायतदार वेलीवरच चव पाहतो. त्याने ‘अजून आंबट आहे’ म्हटले तर ती पारख झाली. पण निर्यातीचा सौदा हुकल्यावर ‘निर्यातीत काही राम नाही’ म्हणणे, हे सावर ग्रेप्स.

गल्लत टाळा

नुसता हेवा म्हणजे सावर ग्रेप्स नव्हे. स्वतःला जमत नाही म्हणून दोष दुसऱ्यावर ढकलला, तर तिथे ‘नाचता येईना अंगण वाकडे’ शोभते.

कुणाच्या टीकेखाली ‘सावर ग्रेप्स’ अशी कमेंट टाकण्याआधी एवढेच पाहा: ती गोष्ट त्याला हवी होती का, आणि हुकली का? तसे नसेल, तर खरी तक्रारही थट्टेवारी जाते.