खडी फोडणाऱ्यांचा इतिहास कोण लिहिणार?

1972 साली वेल्समधल्या लानबेरिस गावात, बंद पडलेल्या खाणीच्या कारखान्यात, एक संग्रहालय उघडले. शाळेची पाटी ज्या दगडाची होते, तो दगड फोडणाऱ्या कामगारांचे. त्याच वर्षी आमचा बीड जिल्हा दुष्काळात होरपळत होता आणि आमची माणसे सरकारी कामावर खडी फोडत होती. त्यांचे संग्रहालय कुठे आहे?

वेल्सच्या कामगारांनाही हे फुकट मिळालेले नाही. पेन्रिन खाणीतल्या सुमारे 2,800 कामगारांनी संघटनेच्या हक्कासाठी 1900 ते 1903 अशी तीन वर्षे झुंज दिली. 'या घरात फितूर नाही' असे फलक खिडक्यांत लावले. ते हरले, पण आपली लढाई आपल्या वेल्श भाषेत जपली. 2021 साली युनेस्कोने तो प्रदेश जागतिक वारसा ठरवला.

त्या वारशाखालीही कोणीतरी गाडलेले आहेच. पेन्रिनच्या मालकांचा पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून, गुलामांच्या घामातून आला. 1833 च्या कायद्याने गुलामगिरी संपवली, तेव्हा 764 गुलामांपोटी 14 हजार पौंडांहून जास्त भरपाई मिळाली ती मालकाला. राबणाऱ्यांना दमडीही नाही! ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या जिल्ह्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आमच्याकडे तर दगड फोडणे ही जातच ठरवली गेली. विहिरी, जाती, पाटे, बंधारे वडारांच्या घणाने घडले. तरी ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा कष्टकरी जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, शिक्का गेला का? आज वडार महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तर कर्नाटकात अनुसूचित जातींत आहे. घण एकच, कागद दोन!

जात श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी करते, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच दाखवून दिले होते. दुष्काळाने अनेक जातींच्या हाती हातोडा दिला, पण पाणवठा एक झाला नाही. 1972 मध्येच परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली.

त्या दुष्काळी कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली. 1977 ला राज्याने कायदा केला, 2005 ला देशाने. इतिहास वि. स. पागे यांचे नाव घेतो, घ्यावेच. पण खडी फोडणाऱ्या बाईचे नाव कोण घेणार?

मित्रांनो, ती बाई आज सत्तरी-ऐंशीत आहे. नांदूरघाटच्या वस्त्यांपासून सुरुवात करू. मोबाईल चालू करा, तिच्याजवळ बसा. मजुरी किती मिळाली, हजेरी कोण मांडायचे, तान्हे पोर कुठे निजवले, पाणी कुणाच्या हातून प्यायली, हे विचारा आणि तिच्याच बोलीत लिहून ठेवा. ती गेली की हा इतिहासही गेला. मग सरकारी कागदात उरतील फक्त खडीचे ढीग मोजलेले आकडे.

जय भीम!