'डाउट' की 'सस्पेक्ट'?

मराठीतील 'शंका' हा शब्द मोठा सोयीचा आहे. वर्गात गणित अडले तरी शंका, कामगिरी जमेल की नाही याची खात्री नसली तरी शंका आणि ताप उतरेना म्हणून मलेरियाचीही शंकाच. इंग्रजीत या तिन्हींसाठी वेगवेगळे शब्द आहेत. आपण मात्र सगळीकडे 'डाउट' वापरतो आणि काही वेळा अर्थ नेमका उलटा होतो.

समजा, रुग्णाला मलेरिया झाला असावा, असे सांगायचे आहे. 'मला शंका आहे' याचे शब्दशः भाषांतर करून आपण म्हणतो : 'आय डाउट दॅट ही हॅज मलेरिया.' याचा खरा अर्थ होतो, 'त्याला मलेरिया असेल असे मला वाटत नाही.' येथे 'आय सस्पेक्ट दॅट ही हॅज मलेरिया' असे हवे. थोडक्यात, 'सस्पेक्ट' म्हणजे 'तसे असावे' आणि 'डाउट' म्हणजे 'तसे नसावे' किंवा 'खात्री नाही'.

यातला फरक मराठी वाक्यातच दडलेला असतो. 'पाइप फुटला असावा, अशी शंका आहे' येथे 'सस्पेक्ट' वापरावे. 'तो वेळेवर येईल की नाही, याची शंका आहे' येथे 'डाउट' वापरावे.

आता काही नियम लक्षात ठेवू.

1. होकारार्थी वाक्यात 'डाउट'नंतर 'इफ', 'वेदर' किंवा 'दॅट' येते : 'आय डाउट इफ ही विल कम ऑन टाइम.' नकारार्थी वाक्यात सहसा 'दॅट' वापरतात : 'आय डोन्ट डाउट दॅट शी विल विन.'

2. 'आय अ‍ॅम डाउटिंग' असे सहसा म्हणत नाहीत. मनाची स्थिती दाखवणारे हे क्रियापद साध्या काळात वापरावे.

3. एखाद्यावर चोरीचा संशय असेल तर 'सस्पेक्ट'नंतर 'ऑफ' येते : 'दे सस्पेक्ट हिम ऑफ थेफ्ट.' 'आय डाउट हिम' म्हणजे माझा त्याच्यावर विश्वास नाही.

4. काही विचारायचे असेल तर 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावे. 'आय हॅव अ डाउट' भारतात सर्वांना समजते. परदेशी सहकाऱ्याला मात्र आपला त्याच्या म्हणण्यावर विश्वास नाही, असे वाटू शकते.

'डाउट'च्या स्पेलिंगमधील 'बी' उच्चारत नाहीत. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला हा शब्द पूर्वी 'बी'शिवायच लिहीत. मूळ लॅटिन शब्द 'दुबितारे' ध्यानात घेऊन विद्वानांनी ते अक्षर पुढे स्पेलिंगमध्ये घातले. उच्चार मात्र जुनाच राहिला.

न्यायालयाच्या बातम्यांतील 'संशयाचा फायदा' म्हणजे 'बेनिफिट ऑफ द डाउट'. आरोपीने गुन्हा केलाच, याची खात्री न पटल्याने तो सुटतो. तपासात ज्याच्यावर गुन्ह्याचा संशय असतो, तो 'सस्पेक्ट', म्हणजे संशयित. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी का चालत नाहीत, ते यावरून सहज ध्यानात राहील.